स्ट्रासबुर्गचे सहा तालवादक – कुणी ऐकलंय का?

मध्यलय

सांगलीत मी नऊ वर्षं तबला शिकले. मग शिक्षण, नोकरी, लग्न, परदेश असं होत होत तबल्याची जोडी गवसणीत गेली. सध्या जर्मनीत केल या गावी राहते. गाव ऱ्हाइनच्या काठावर आहे. इथून ट्राम निघते, पूल ओलांडते आणि अर्ध्या तासाच्या आत फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये आणून सोडते. त्या ट्रामनेच एका संध्याकाळी मी 'ले पेर्क्यूसियों द स्ट्रासबुर' या गटाला ऐकायला गेले होते. त्यावर लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले.

सहा वादक. गायक नाही, व्हायोलिन नाही, पियानो नाही. सगळी आघाताने वाजणारी वाद्यं: चामड्याची, लाकडाची, धातूची. इयानिस झेनाकिस या ग्रीक-फ्रेंच रचनाकाराने १९७८ मध्ये खास या गटासाठी लिहिलेली 'प्लेयाद' ही रचना होती, साधारण पाऊण तासाची. तिचे चार भाग आहेत: धातू, पट्ट्यांची वाद्यं (मारिंबा, व्हायब्रोफोन वगैरे), चामडी आणि मिश्रण. भागांचा क्रम वादकांनी ठरवायचा.

चामड्याचा भाग सुरू झाला तेव्हा सहाही जण एकच साधा ठोका एकत्र वाजवत होते. मनात म्हटलं, चला, हे आपल्या ओळखीचं. एवढ्यात त्यातला एक जण केसभर मागे सरकला. मग दुसरा. बघता बघता एका ठोक्याचे सहा ठोके झाले आणि सहांचा पाऊस. मी मांडीवर मात्रा धरून बसले होते, त्या कधी सुटल्या कळलंच नाही. पुन्हा अचानक सगळे एकत्र! माझ्या शेजारच्या आजोबांनी "आह" केलं. आपल्याकडे समेवर दाद देतात अगदी तसं.

धातूच्या भागाने मात्र मला हलवलं. त्यासाठी झेनाकिसने एक वाद्य नव्याने करवून घेतलं, 'सिक्सेन'. सहा वादकांमधलं 'सिक्स' आणि झेनाकिसमधलं 'झेन'. प्रत्येक सिक्सेनला धातूच्या १९ पट्ट्या. पट्ट्यांमधली स्वरांतरं मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली, पाव स्वर, तृतीयांश स्वर अशी. आणि अट अशी की सहा सिक्सेन एकमेकांशी जुळता कामा नयेत! हातोडीने गट्टे ठोकत, चाटेचा स्वर चारही बाजूंनी एक येईपर्यंत सरांची बोलणी खाण्यात ज्या मुलीचं लहानपण गेलं, तिच्या कानाला हे काय वाटलं असेल बघा. जवळजवळ पण वेगवेगळे असे सहा स्वर एकदम वाजले की मधल्या हवेत एक थरथर उठते. ती कुणीच वाजवत नसतं. ती ऐकताना मी रडले. का, ते अजून सांगता येत नाही.

आता गटाबद्दल. पाश्चात्य वाद्यवृंदात तालवादक सगळ्यांत मागे उभा असतो आणि त्याचं निम्मं काम मोजण्याचं. द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत झांज पूर्ण रचनेत एकदाच वाजते, तीही हळू. १९५९ मध्ये फ्रेंच रचनाकार पिएर बुलेझ आपली एक रचना घेऊन स्ट्रासबुर्गला आला. तिला तालवादक खूप लागायचे, म्हणून शहरातल्या दोन वाद्यवृंदांचे वादक एकत्र आणले गेले, एक नगरपालिकेचा आणि एक रेडिओचा. त्या भेटीतून कल्पना रुजली आणि १९६२ मध्ये सहा जणांचा गट उभा राहिला: ज्याँ बातीन्य, गाब्रिएल बूशे, ज्याँ-पॉल फिंकबायनर, डेटलेफ कीफर, क्लोद रिकू आणि जॉर्ज व्हान गुश्त.

त्यांच्यापुढची अडचण मला फार महत्त्वाची वाटते. वादक होते, वाद्यं होती. वाजवायचं काय, हाच प्रश्न होता! केवळ तालवाद्यांसाठी लिहिलेल्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एडगार व्हारेझची १९३१ ची एक, १३ वादकांची. अमेरिकन रचनाकार जॉन केजच्या १९३९ पासूनच्या काही. मग हे सहा जण रचनाकारांच्या मागे लागले: आमच्यासाठी लिहा. कुठलं वाद्य कसं बोलतं ते त्यांना वाजवून दाखवलं. गेल्या साठ वर्षांत तीनशेहून जास्त रचना या गटासाठी लिहिल्या गेल्या आहेत. त्यातल्या कित्येक आज जगभरच्या विद्यालयांत विद्यार्थी वाजवतात. माझ्या मते हेच त्यांचं खरं काम. मैफली संपतात. त्यांनी एका अख्ख्या वाद्यकुळाला वाङ्मय मिळवून दिलं, आणि ते स्वतःपुरतं ठेवलं नाही.

इथे तबला, पखवाज, ढोलकी, ताशा वाजवणारे बरेच जण आहेत. तुम्ही हे ऐकलंय का? काय वाटलं?

निवांत_वाचक

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. रात्री हेडफोन लावून ऐकतो.

सरळ_वाट

धागा वाचून लगेच 'प्लेयाद' लावलं. धातूचा भाग आठ मिनिटं ऐकला आणि बंद केला. डोकं दुखायला लागलं हो. तुम्ही रडलात ते खरंच असणार, पण मला त्यात धरायला काही सापडलं नाही. सम कुठे आहे? आवर्तन कुठे आहे? खवचटपणे विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

मध्यलय

@सरळ_वाट, चूक माझी. धातूपासून सुरुवात करू नका असं सांगायला हवं होतं. आधी पट्ट्यांचा भाग ऐका, मारिंबा आणि व्हायब्रोफोनचा. तो मऊ आहे.

समेचं म्हणाल तर इथे आवर्तन नाही. या रचनेच्या मुळाशी झेनाकिसने एकच कल्पना ठेवली आहे: पुनरावृत्ती, म्हणजे नक्कल. कधी हुबेहूब, कधी जवळपास, कधी बेइमान. आपण ठेका धरतो तेव्हा प्रत्येक आवर्तन हुबेहूब यावं असा आग्रह असतो. इथे एक साधा ठेका सहा जणांना देऊन विचारलंय की नक्कल बिघडत बिघडत कुठवर जाते, आणि कुठल्या क्षणी कान तिला 'ठेका' म्हणणं सोडून 'गर्दी' म्हणायला लागतो. मला समेसारखा वाटला तो क्षण गर्दीतून परत ठेका होण्याचा. तो नेमका कधी येणार हे आधी कळत नाही, आणि आपल्या समेहून तो वेगळा पडतो तो इथेच.

आणखी एक, स्पीकर बरे हवेत. फोनवर सिक्सेन म्हणजे पत्र्याचा खडखडाट.

पढंत

मी तबला शिकवतो, तीस वर्षं झाली. चर्चा चांगली आहे म्हणून थोडं रोखठोक लिहितो.

१९६२ साली सहा वादकांना वाटलं की तालवाद्य एकट्याने मैफल करू शकतं. चांगलं झालं. पण आपल्याकडे एकल तबलावादन त्याच्या कितीतरी आधीपासून उभं आहे. पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार असे रचनाप्रकार, सगळं लेहऱ्यावर, म्हणजे सतत फिरणाऱ्या एका धूनेवर, तास दीड तास. आणि त्यासाठी कुणाला कागद लागला नाही. गुरूने पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, शिष्याने ती हातात उतरवली. कायदा तोच, पण पलटे ज्याचे त्याचे. त्या जागी कागदावर सगळं लिहून दिलं की वादकाच्या उपजेला, म्हणजे आयत्या वेळी सुचण्याला, जागा उरत नाही. वादक कारागीर होतो. 'वाङ्मय मिळवून दिलं' हा तुमचा शब्द मला म्हणूनच खटकला. आमच्याकडे वाङ्मय आहे. ते कपाटात नाही, माणसांत आहे.

मध्यलय

@पढंत सर, नमस्कार. तुमचं म्हणणं पटतं, आणि थोडं पटतही नाही.

उपजेबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच. 'प्लेयाद'मध्ये वादकाला स्वतःचं असं फार थोडं आहे. पण माणसांत राहणारं वाङ्मय माणसाबरोबर जातंही. माझ्या सरांच्या सरांकडे जुन्या गतींची मोठी पोतडी होती म्हणे. त्यातल्या सरांपर्यंत चाळीस आल्या, माझ्यापर्यंत अकरा. मी गवसणी बांधून विमानात बसले तेव्हा त्या अकराही माझ्यापुरत्या संपल्या. हे लिहिताना मला लाज वाटते.

त्या सहांपैकी आता कुणी गटात वाजवत नाही. मधल्या पिढ्याही बदलल्या. सध्या कलादिग्दर्शक मिन-ताम न्गुयेन आहेत. नाव तेच, रचना त्याच, शिवाय दरवर्षी नव्यांची भर. मला तर हे घराण्यासारखंच दिसतं, फक्त बंदिशी कागदावर आहेत आणि दार कुणालाही उघडं आहे.

तासावाला_शनिपार

पुण्यात पथकात ताशा वाजवतो, यंदा अकरावं वर्ष. यातलं शास्त्र मला नाही, पण 'एक जण केसभर मागे सरकला' हे वाचून हसू आलं, कारण आम्ही दर गणपतीत त्याच्याशीच झगडतो.

लांब रांग असली की पुढचा ताशा आणि शेवटचा ढोल यांच्यात सहज तीस-पस्तीस मीटर पडतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ताशाची काडी पडल्यावर ती शेवटच्या ढोलाला ऐकू जाईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेलेला असतो. त्याने ऐकून टिपरू मारलं की तो आवाज परत आमच्यापर्यंत यायला आणखी तेवढाच वेळ. लय चढली की ढोल मागे पडल्यासारखे वाटतात, आणि खरं तर चूक कुणाचीच नसते. म्हणून मधे एक जण हात वर करून लय दाखवतो. मागच्यांनी कानाने नाही, डोळ्याने वाजवायचं असतं.

हे फ्रेंच लोक एकमेकांपासून लांब उभे राहून वाजवतात का कधी? तेव्हा काय करतात?

मध्यलय

@तासावाला, अगदी नेमकं विचारलंत! हो, वाजवतात. त्यांची सगळ्यांत गाजलेली रचनाच तशी आहे.

झेनाकिसचीच 'पेर्सेफासा', १९६९ सालची. पहिला प्रयोग इराणमध्ये शिराझच्या कलामहोत्सवात झाला, पर्सेपोलिसच्या भग्न अवशेषांत, उघड्यावर. सहा वादक श्रोत्यांना वेढून षटकोनाच्या सहा टोकांवर उभे, आणि लोक मधे. ढोल, झांजा, गोंग, पत्रे, भोंगे, चक्क दगडगोटे. शिवाय 'सिमांत्रा', म्हणजे ग्रीक मठांत भिक्षूंना प्रार्थनेला बोलावण्यासाठी वाजवतात तशा लाकडी फळ्या, आणि धातूच्याही. काही ठिकाणी सहा जण सहा वेगळ्या लयींत असतात. शेवटी एक घुमारा एका वादकाकडून दुसऱ्याकडे जात श्रोत्यांभोवती गोल फिरायला लागतो. आधी सावकाश, मग जलद, मग इतका जलद की आपणच फिरतोय असं वाटतं.

तुमची दहाव्या भागाची अडचण त्यांनाही आहेच. आजकाल अनेक गट अवघड जागी कानात यंत्राचा ठोका घेतात. पण फिरण्याच्या त्या भागात तुम्ही शेजाऱ्याचा आघात ऐकून वाजवलं तर उशीरच होणार. त्याच्या हाताची उचल बघून वाजवावं लागतं. म्हणजे तुमच्याच पथकाची युक्ती.

ओवी

मी पाश्चात्य संगीत शिकलेय (पियानो), त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गटाचा धागा थेट आपल्या देवगिरीपर्यंत येतो.

ऑलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच रचनाकार. १९६४ साली त्याने दोन महायुद्धांतल्या मृतांच्या स्मरणार्थ फुंकवाद्यं आणि धातूच्या तालवाद्यांसाठी एक मोठी रचना लिहिली. मे १९६५ मध्ये पॅरिसच्या सॅंत-शापेल या रंगीत काचांच्या चर्चमध्ये ती पहिल्यांदा झाली, आणि गोंग, घंटा, टॅम-टॅम वाजवायला हेच स्ट्रासबुर्गचे सहा जण होते. तिच्यात 'सिंहविक्रम' नावाचा ताल आहे. हा शब्द एका फ्रेंच माणसाच्या कागदावर आला कुठून?

तर शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तून. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असताना शार्ङ्गदेवाने देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, हा ग्रंथ लिहिला. त्यात १२० देशी तालांची यादी आहे. ती एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली, तरुण मेसियाँच्या हाती पडली, आणि त्याने ती जन्मभर वापरली. हे ताल प्रत्यक्ष वाजताना त्याने ऐकलेले नव्हते. त्याच्यासाठी त्या कागदावरच्या लघु-गुरूंच्या आकृत्या होत्या.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवायचा. बुलेझ त्याचा विद्यार्थी. झेनाकिस त्याच्या वर्गात बसायचा. जर्मन रचनाकार श्टॉकहाउझेनही बसला. स्ट्रासबुर्गच्या गटासाठी पुढे लिहिणारा जेरार ग्रिझे हाही त्याचाच विद्यार्थी. घराणं म्हणायचं तर या सगळ्यांचं घर एका वर्गखोलीत आहे, आणि त्या खोलीत शार्ङ्गदेवाचे ताल फळ्यावर होते.

मी शाळेच्या सहलीत दोनदा देवगिरीचा किल्ला चढलेय. तोफा दाखवल्या, भुयारी अंधारी वाट दाखवली. शार्ङ्गदेवाचं नाव कुणी घेतलं नाही. हे मला फार लागलं.

पढंत

@ओवी, तुम्हाला नमस्कार करतो. 'रत्नाकर' आम्ही परीक्षेपुरता वाचला, लेखकाचं नाव आणि शतक पाठ करायला. सिंहविक्रम मी स्वतः आयुष्यात एकदाही वाजवलेला नाही.

वर मी लिहिलं की आमचं वाङ्मय कपाटात नाही, माणसांत आहे. हे १२० ताल माणसांतून गेले आणि कपाटात राहिले म्हणून फ्रान्सला पोचले, असं दिसतंय. यावर मला विचार करावा लागेल.

पखवाजी

आणखी एक दुवा जोडतो. जॉन केजचा उल्लेख वर आलाय. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या, पाश्चात्य संगीत समजून घ्यायला. त्यांनी केजकडून काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींची बांधणी, शिकलं आणि बदल्यात त्याला आपल्या संगीताची दृष्टी दिली. पैशांची देवघेव नाही. संगीत कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर केजला त्यांच्याकडून मिळालं: मन शांत व्हावं आणि दैवी स्पर्शाला मोकळं व्हावं यासाठी. हे तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

गीताबेन स्वतः पखवाज वाजवत, ज्या काळी बाईने पखवाज मांडीवर घ्यायचा हेच नवल होतं. त्यांचे गुरू गोविंदराव बऱ्हाणपूरकर. तेव्हा अमेरिकेतल्या तालवाद्य-चळवळीच्या एका मोठ्या माणसाच्या विचारामागे आपल्या पखवाजाची थाप आहे, असं मी मानतो.

खोडदकर

मी नारायणगावजवळचा. आमच्या खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची रेडिओ दुर्बीण. @ओवी यांनी ग्रिझेचं नाव घेतलं म्हणून शोधलं, तर त्याची पल्सरवरची रचना सापडली. त्यावर कुणी लिहील का? विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात मी लहानपणी पल्सरचा टकटक आवाज ऐकलाय, तो अजून कानात आहे.

मध्यलय

@खोडदकर, त्या रचनेचं नाव 'ल न्वार द लेत्वाल', म्हणजे ताऱ्याचा काळोख. ग्रिझे १९८५ मध्ये बर्कलीत असताना एका खगोलशास्त्रज्ञाने त्याला पल्सरचे आवाज ऐकवले. पल्सर म्हणजे स्फोटानंतर उरलेला, स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत ताऱ्याचा गाभा. त्याचे रेडिओझोत दीपगृहासारखे आपल्यावरून फिरतात, म्हणून ठोका ऐकू येतो. त्यावर ग्रिझेने स्ट्रासबुर्गच्या सहांसाठी साधारण तासाभराची रचना केली आणि १९९१ मध्ये ब्रुसेल्सला तिचा पहिला प्रयोग झाला. सहा वादक पुन्हा श्रोत्यांभोवती. मधेच वादक थांबतात आणि अंधारात फक्त पल्सर वाजतो. काही प्रयोगांत तर फ्रान्समधल्या नांसेच्या दुर्बिणीतून त्याच वेळी येणारा आवाज सभागृहात आणला होता. तारा दुर्बिणीच्या टप्प्यात कधी येणार त्यावर कार्यक्रमाची वेळ ठरायची!

त्यात दोन पल्सर आहेत. एक वेला या तारकासमूहातला, दुसरा ०३२९+५४ या क्रमांकाचा.

खोडदकर

अहो, ०३२९+५४ म्हणजे उत्तर आकाशातला सगळ्यांत ठळक पल्सर! दर ०.७१४ सेकंदाला एक ठोका. म्हणजे मिनिटाला ८४.

पढंत

८४ म्हणजे छान मध्यलय झाली. त्या लयीत तीनतालाचा ठेका अगदी आरामात बसतो.

खोडदकर

वेला मात्र सेकंदाला ११ वेळा फिरतो, त्याचा रेलाच ऐकू येतो. हळूहळू तो मंदावत चाललाय, पण मधेच कधीतरी अचानक थोडा वेग घेतो. का, यावर अजून संशोधन चालू आहे.

पढंत

लय चढली म्हणायचं! आज बऱ्याच दिवसांनी रात्री रियाजाला बसलो. लेहऱ्याऐवजी त्या ताऱ्याची ध्वनिफीत लावली, ८४ ची. पेशकार वाजवला. ठोका इतका निर्विकार आहे की आपली प्रत्येक घाई उघडी पडते. विद्यार्थ्यांना उद्या हेच देणार आहे.

शिकागोकर

इकडे शिकागोला थर्ड कोस्ट पर्कशन म्हणून चार जणांचा गट आहे, २००५ पासूनचा. स्ट्रासबुर्गच्याच वाटेवरचे. स्टीव्ह राइकच्या रचनांच्या अल्बमसाठी त्यांना २०१७ चं ग्रॅमी मिळालं. मी धाग्यावर लिहितोय ते वेगळ्या कारणाने. त्यांच्यासाठी झाकीरभाईंनी रचना लिहिली होती, 'मर्मर्स इन टाइम', चौघे आणि तबला. आणि १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. पुढे तबल्याच्या जागी त्यांचे शिष्य सलार नादर बसले.

माहीमच्या गल्लीत वाढलेला माणूस, पहाटे वडिलांकडून बोल शिकलेला, आयुष्यभर उपजेवर वाजवलेला. त्याने अखेरीस चार परक्या वादकांसाठी लिहून ठेवलं. पढंत सरांचा मुद्दा आणि मध्यलय यांचा मुद्दा, दोन्ही मला त्या एका रचनेत दिसतात. लिहून ठेवलं नसतं तर ती त्यांच्याबरोबर गेली असती. आणि तबल्याच्या जागी बसायला त्यांच्या हाताखाली तयार झालेला शिष्यच लागला.

ढोलकी_नारायणगाव

मी तमाशात ढोलकी वाजवायचो, आता वय झालं. मुलाने धागा वाचून दाखवला, त्याच्याकडून लिहून घेतोय. आमच्या वेळी ढोलकीवाल्याने सवाल टाकायचा आणि हलगीवाल्याने जवाब द्यायचा, लोक त्यालाच शिट्ट्या मारायचे. पुढे पुढे शहरातल्या एका कार्यक्रमात आयोजकांनी सांगितलं, जुगलबंदी पाच मिनिटांत उरका, लोकांना गाणी हवीत. त्या दिवशी हात उचलला नाही. परदेशात सहा माणसं नुसता ताल वाजवतात आणि लोक तासभर ऐकतात हे कळून बरं वाटलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

मध्यलय

काका, तुम्हालाही नमस्कार. तुमच्या मुलाला म्हणावं, ते सवाल-जवाब फोनवर रेकॉर्ड करून ठेव, जमतील तेवढे. कृपा करून.

सरळ_वाट

पट्ट्यांचा भाग ऐकला, दोनदा. तुम्ही म्हणालात तसा गर्दीतून ठेका परत येण्याचा क्षण सापडला. दुसऱ्या वेळी तो यायच्या आधीच अंगावर काटा आला. धातूचा भाग अजून जमत नाहीये, पण सोडलेला नाही.

एक शंका. 'प्लेयाद' म्हणजे आपल्या कृत्तिकाच ना?

ओवी

हो. ग्रीक कथेत त्या सात बहिणी. आपल्याकडे कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहा. म्हणून तो षडानन. सहा वादकांना आपलीच कथा जास्त जुळते.

मध्यलय

@ओवी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! त्यांचं बस्तान शहराच्या पश्चिमेला हॉटपिएर नावाच्या वस्तीत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत कामकरी लोकांसाठी आखलेली ही वस्ती, तिचे विभागही षटकोनी आहेत. तिथल्या थिएटरात ते सराव करतात, वस्तीतल्या मुलांना वाद्यं हाताळायला देतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की एवढा नावाजलेला गट शहराच्या मध्यावर कुठल्यातरी संगमरवरी इमारतीत असेल. ट्राममधून उतरले तर समोर कपडे वाळत घातलेल्या बाल्कन्या आणि फुटबॉल खेळणारी पोरं.

तासावाला_शनिपार

सांगायचं होतं. काल पथकाच्या सरावानंतर नदीपात्रात सहा जण थांबलो, दोन ताशे, चार ढोल. मधे बाकीची पोरं बसवली आणि आम्ही सहा दिशांना उभे राहिलो. एकेक थाप गोल फिरवायची, बस. हळू होतं तोवर जमलं. लय वाढवली की चौथ्यावर तुटायचं, दर वेळी चौथ्यावरच. भांडण झालं की चूक कुणाची. मग मध्यलय यांनी सांगितलेलं आठवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ऐकू नका, शेजाऱ्याचा खांदा बघा. तीन फेऱ्या पूर्ण गेल्या.

मधे बसलेल्यांत एक नववीतली मुलगी होती, यंदाच पथकात आलेली. तिने डोळे मिटून घेतले होते. उठून म्हणाली, दादा, परत करा, पण या वेळी उलट्या बाजूने फिरवा.

मध्यलय

मग? फिरवलंत का उलटं?

तासावाला_शनिपार

तिसऱ्यावर तुटलं. रविवारी परत बसतोय. या वेळी ढोल एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक असं नको, एक ताशा दोन ढोल, एक ताशा दोन ढोल अशी रचना करून बघणार आहे. पढंत सर, पुण्यात असाल तर या ना.

पढंत

रविवारी संध्याकाळी पाचला मोकळा आहे. कुठल्या पुलाजवळ?